आड एक, बिऱ्हाडं वेगळी

वाईला आमच्या वाड्यात माझ्या लहानपणी चार बिऱ्हाडं नांदत होती. चूल ज्याची त्याची, फडताळ ज्याचं त्याचं, कुलपंही वेगवेगळी. आड मात्र मागच्या चौकात एकच. एका बिऱ्हाडाने भिंतींना रंग काढला तरी शेजारच्या भिंतीचा पोपडाही हलत नसे. पण आडाचं पाणी गढूळलं की चारही घरच्या हंड्यांत गढूळ पाणी. लिनक्सच्या एकाच यंत्रात दुसरं स्वतंत्र बिऱ्हाड थाटता येतं हे मला कळलं तेव्हा तो वाडा डोळ्यांपुढे आला. आजही कुणी विचारलं तर मी त्या वाड्यावरूनच समजावते.

मी पुस्तकांची अक्षरजुळणी करते, सव्वीस वर्षं झाली. वाई हे विश्वकोशाचं गाव, त्यामुळे छापील अक्षर म्हणजे इथे जबाबदारीची गोष्ट. माझ्या कपाटात आणि डिस्कवर दोनशेवर पुस्तकांच्या जुन्या फाईली आहेत. युनिकोड रुळण्याआधी मराठी फॉन्ट एक युक्ती करत: इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवत. तोच फॉन्ट जवळ असला तर मराठी दिसे, नसला तर नुसता चिन्हांचा काला. त्या जुन्या मजकुराचं युनिकोड करणारी एक छोटी आज्ञावली माझ्या भाच्याने 2011 साली पायथन 2 या भाषेत लिहून दिली. तिच्यातून मजकूर निघाला की मी झीटेक वापरून पानं लावते. ही माझी रोजची वाट.

ऑगस्ट 2021 मध्ये डेबियनची अकरावी आवृत्ती आली. डेबियन हा लिनक्सचा एक जुना, स्वयंसेवकांनी चालवलेला संच. 1993 साली इयन मर्डॉकने तो सुरू केला. त्याच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातल्या खेळण्यांची आणि पात्रांची नावं असतात, कारण सुरुवातीच्या काळात प्रकल्पाचं नेतृत्व करणारे ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये काम करत. दहावी आवृत्ती बस्टर, म्हणजे अँडीचा कुत्रा. अकरावी बुल्सआय, तो घोडा. बारावी बुकवर्म, म्हणजे पुस्तकातला किडा: बॅटरी असलेला, खेळण्यांची माहितीपत्रकं सांभाळणारा. अक्षरजुळणी करणाऱ्या बाईला या नावाचं प्रेम वाटणारच.

माझं यंत्र तेव्हा बस्टरवर होतं आणि हातात तीन पुस्तकं अर्धी लागलेली होती. अर्ध्या पुस्तकात संच बदलला तर ओळी कुठे मोडतील याची खात्री नसते. शिवाय पायथन 2 चा अधिकृत सांभाळ 1 जानेवारी 2020 ला संपलेला. पुढच्या आवृत्तीत ते आणखी किती टिकेल याचाही भरवसा नव्हता. मग मी वाड्यात एक बिऱ्हाड काढलं. डीबूटस्ट्रॅप नावाचं साधन एका रिकाम्या फोल्डरमध्ये डेबियनचा लहानसा पण पूर्ण संसार मांडून देतं. सीएचरूट ही आज्ञा तुम्हाला त्या फोल्डरमध्ये नेऊन उभं करते आणि सांगते, आता हेच तुझं जग. आतल्या प्रोग्रामला ते फोल्डर म्हणजेच अख्खी डिस्क वाटते. बाहेर काही आहे हे त्याला दिसत नाही. ही कल्पना 1979 च्या सातव्या युनिक्स आवृत्तीपासूनची आहे. 1982 साली बिल जॉय यांनी ती बर्कलीच्या युनिक्समध्ये आणली. आज ज्याला कंटेनर म्हणतात त्याची ही आजी.

बस्टर आत बंद केलं, बाहेरचं यंत्र बुल्सआयवर नेलं, आणि अर्धी पुस्तकं आतल्या खोलीत बसून सुखरूप पूर्ण झाली. 2023 च्या जूनमध्ये बुकवर्म आलं, बाहेरचं यंत्र त्यावरही गेलं. आतली खोली होती तशीच राहिली. तिच्यात मी रोज जात होते, काम करत होते. तिची झाडलोट करायला हवी हे एकदाही मनात आलं नाही.

29 मार्च 2024 ला आंद्रेस फ्रॉयंड या प्रोग्रामरने जगाला एक इशारा दिला. दूरच्या यंत्रात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढ्या कारणावरून तो खोदत गेला, आणि फाईली आवळून ठेवणाऱ्या एक्सझेड या साध्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा बसवल्याचं त्याच्या हाती लागलं. हे साधन लिनक्सच्या बहुतेक यंत्रांवर असतं. मी घाईने तपासलं. बाहेर 5.4.1, धोका नाही. माझ्याकडे काम शिकायला येणारी मुलगी शेजारी उभी होती. ती म्हणाली, “मावशी, आणि आतल्या खोलीत?”

मी आत गेले. तिथे 5.2.4. धोका नव्हता, पण तो निव्वळ जुनेपणामुळे. मग तिने ॲप्टला, म्हणजे प्रोग्रामची गाठोडी (पॅकेज) कोठारातून आणणाऱ्या साधनाला, अपडेट करायला सांगून किती पॅकेज मागे पडली आहेत याची यादी काढली. एकशे त्रेचाळीस. दोन वर्षं सात महिने त्या खोलीत एकही सुरक्षा-दुरुस्ती पोचली नव्हती. या सगळ्या काळात बाहेर मी दर आठवड्याला नियमाने अपग्रेड करत होते आणि यंत्र अद्ययावत असल्याच्या समाधानात होते.

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. वाड्याची डागडुजी केली म्हणून बिऱ्हाडाची होत नाही. कोणतं पॅकेज बसवलं आहे, कितवी आवृत्ती, नीट लागलं की अर्धवट राहिलं, हे सगळं डीपीकेजी हे पॅकेज बसवणारं साधन एका वहीत लिहून ठेवतं. बाहेरची वही वेगळी, आतली वेगळी. बाहेरून दिलेल्या आज्ञेला आतल्या वहीचा पत्ताच नसतो. 2014 च्या एप्रिलमध्ये नेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमधलं हार्टब्लीड हे भोक उघडकीला आलं, तेव्हाही हाच न्याय होता. बाहेरची प्रत बदलली आणि आतली सदोष प्रत तशीच राहिली, तर आतून चालणाऱ्या सेवेचं भोक उघडंच. अपवाद फक्त आडाचा. आड म्हणजे कर्नल, लिनक्सचा गाभा. सीएचरूटमध्ये तो वेगळा नसतोच, आतले प्रोग्राम बाहेरच्याच कर्नलवर चालतात. म्हणून कर्नलच्या दुरुस्त्या बाहेर केल्या की पुरतात आणि आत कर्नलचं पॅकेज बसवायचं कारण नसतं. जुना संसार नव्या कर्नलवर चालू शकतो, कारण वर चालणारे प्रोग्राम मोडायचे नाहीत हा नियम लिनस टोर्वाल्ड्स कसोशीने पाळायला लावतात. उलट, फार जुन्या कर्नलवर नवा संसार मांडला तर पहिलीच आज्ञा ‘कर्नल जुना आहे’ म्हणून मान टाकू शकते. आणि एक सांगून ठेवते: सीएचरूट ही तिजोरी नव्हे. आत रूटचे, म्हणजे यंत्राच्या मालकाचे, अधिकार असलेला प्रोग्राम बाहेर निसटू शकतो. म्हणजे आतली घाण आतच राहील या भरवशावर कुणी बसू नये.

बस्टरची दीर्घकालीन देखभालही 30 जून 2024 ला संपणार होती. हातात तीन महिने होते. ठरवलं, खोली बुकवर्मवर न्यायची. डेबियनमध्ये एक पायरी गाळून उडी मारायची नसते. बस्टरवरून बुल्सआय, मग बुल्सआयवरून बुकवर्म, हाच मान्य मार्ग.

सुरुवात करण्याआधी मी खोलीची प्रत काढली. ही सवय मला एका नुकसानीने लागली. 2022 मध्ये एक प्रयोगाची खोली नको झाली म्हणून मी ती पुसून टाकली. पुस्तकांचं बाहेरचं फोल्डर त्या खोलीत जोडलेलं होतं, म्हणजे आतल्या दारातून बाहेरचंच कपाट दिसत होतं. जोडणी काढायला मी विसरले. पुसायची आज्ञा त्या दारातून सरळ बाहेरच्या कपाटात शिरली आणि मी थांबवेपर्यंत एका स्थानिक इतिहासाच्या पुस्तकातली दोन प्रकरणं गेली, दुरुस्त्यांसकट. लेखक ऐंशीच्या घरातले निवृत्त शिक्षक. काही बोलले नाहीत. कागदी मुद्रितं घेऊन ते पुन्हा आठ दिवस माझ्या टेबलाशी बसले. त्यांच्या हातातलं ते भिंग मला अजून दिसतं. तेव्हापासून कोणतीही खोली पुसण्याआधी काय काय जोडलं आहे याची यादी मी डोळ्यांनी वाचते, आणि पुसायच्या आज्ञेला ‘हीच डिस्क, पलीकडे जाऊ नकोस’ असं बजावणारा पर्याय जोडते. प्रत काढतानाही तोच पर्याय लावते.

आता प्रत्यक्ष काम. आतल्या खोलीला काही गोष्टी बाहेरून पुरवाव्या लागतात. प्रॉक आणि सिस ही दोन फोल्डर खऱ्या फाईलींची नसतात. यंत्रात या घडीला काय चाललं आहे हे कर्नल त्यांच्यातून सांगतो. डेव्ह म्हणजे उपकरणांची दारं. ही जोडली नसली तर पॅकेजसोबत येणाऱ्या मांडणीच्या आज्ञा मध्येच अडखळतात. डेव्हच्या पोटातलं पीटीएस राहिलं तर ॲप्ट नोंदवही लिहिता येत नाही अशी तक्रार करतं. मग नावावरून पत्ता शोधण्याची फाईल. ती जुनी असली तर नेट चालू असूनही आतल्या ॲप्टला पॅकेजचं कोठार सापडत नाही. माझा पहिला अर्धा तास यातच गेला.

त्याहून नाजूक बाब सेवांची. छपाईची सेवा, वेब सर्व्हर अशी पॅकेजं नवी झाली की स्वतःला पुन्हा सुरू करू पाहतात. आतून ती सुरू झाली तर बाहेर आधीच चालू असलेल्या सेवेशी एकाच दारावर भांडण होऊ शकतं. त्यासाठी डेबियनमध्ये एक सोय आहे. पॉलिसी-आरसी-डी नावाची दोन ओळींची फाईल खोलीत ठेवायची, तिने 101 हा आकडा परत करायचा. या आकड्याचा अर्थ ‘सेवा सुरू करायला मनाई’. पॅकेज बसतं, लागतं, पण सेवा झोपलेलीच राहते. इतकी छोटी फाईल, पण विचारी माणसाने केलेली सोय कशी असते ते मला तिच्यात दिसतं.

मग कोठाराच्या पत्त्यांची यादी बदलायची. जिथे जिथे बस्टर आहे तिथे बुल्सआय. इथे एक खाच आहे. सुरक्षा-दुरुस्त्यांच्या ओळीत बस्टरपर्यंत नावापुढे तिरकी रेघ देऊन ‘अपडेट्स’ लिहीत, बुल्सआयपासून तिथे नावाला जोडून ‘सिक्युरिटी’ लिहायचं असतं. नुसतं नाव बदललं तर तो पत्ता सापडत नाही आणि तेवढी एक तक्रार वाचायची राहिली, तर खोली सुरक्षा-दुरुस्त्यांशिवाय नवी होते. माझ्या शिकाऊ मुलीने ती ओळ पकडली.

यानंतर तीन पावलं, आणि बुल्सआयवरून बुकवर्मवर जाताना पुन्हा तीच. आधी अपडेट, म्हणजे फक्त कोठाराची नवी यादी आणणं. मग नवीन पॅकेज न बसवता जेवढं होईल तेवढंच अपग्रेड. शेवटी पूर्ण अपग्रेड, ज्यात जुनी पॅकेज काढायची आणि नवी आणायची मुभा ॲप्टला असते. अपडेट आणि अपग्रेड या दोन शब्दांत शिकाऊ मुलं हमखास गोंधळतात. मी सांगते, पहिलं म्हणजे वाण्याकडून भावांचा कागद आणणं, दुसरं म्हणजे किराणा भरणं.

मे महिना होता. पूर्ण अपग्रेड निम्म्यावर असताना वळीव आला आणि वीज गेली. यूपीएस पंधरा मिनिटं तगला. झीटेकचा संच मोठा, तो उलगडायलाच वेळ लागतो. यंत्र बंद पडलं तेव्हा काही पॅकेज उघडलेली पण न लावलेली, काही अर्धी लावलेली अशी खोली झाली. प्रत जवळ होती म्हणून धीर होता. दोन तासांनी वीज आली. पुन्हा प्रॉक, सिस, डेव्ह जोडले, आत गेले आणि डीपीकेजीला सांगितलं की राहिलेलं सगळं लाव. त्याची वही शाबूत होती. कुठलं पॅकेज कुठल्या टप्प्यावर सुटलं ते तिच्यात लिहिलेलं होतं आणि त्याने तिथून धागा उचलला. मग ॲप्टला तुटलेलं सांधायला सांगितलं. एकही पॅकेज गमावलं नाही. एक वही नीट लिहिली म्हणून अर्धवट मोडलेलं घर उभं राहतं, हे मी त्या रात्री पाहिलं.

अपग्रेड मध्येच थांबून प्रश्नही विचारतं. एखादी मांडणीची फाईल तुम्ही हाताने बदललेली असेल आणि नव्या पॅकेजनेही ती बदलून आणली असेल, तर कोणती ठेवू असं डीपीकेजी विचारतं. नुसतं एंटर दाबलं तर तुमची राहते. मला हा प्रश्न चित्रं हाताळणाऱ्या इमेजमॅजिकच्या धोरण-फाईलीवर आला. पीडीएफ उलगडणाऱ्या घोस्टस्क्रिप्टमधल्या दोषांमुळे डेबियन त्या फाईलीत पीडीएफ हाताळायला बंदी घालून देतं. मी माझीच पानं तपासते म्हणून ती बंदी उठवली होती. मुलगी एंटर दाबायला निघाली, मी तिचा हात धरला. ‘फरक दाखव’ असा तिसरा पर्याय असतो, तो आधी घ्यायचा. नव्या फाईलीत आणखी काय बदललं ते वाचायचं, मगच ठरवायचं. आम्ही वाचलं आणि माझीच फाईल ठेवली. पण वाचून ठेवली.

अपग्रेड पुरं झालं म्हणजे काम झालं असं माझ्या धंद्यात नसतं. माझ्याकडे चाचणीचं एक पान आहे. त्यात दर्या आणि दऱ्या, आचार्यांना आणि आचाऱ्यांना, वाङ्मय, उद्ध्वस्त, लक्ष्मी, कर्त्या असे शब्द एकाखाली एक आहेत. र चा रफार आणि अर्धा ऱ यांतला फरक मोडला की मराठी मोडते. ल आणि श मराठी वळणाचे येतात की हिंदी वळणाचे, हेही तिथेच कळतं, कारण फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असली तरी मजकूर मराठी आहे हे आज्ञावलीने फॉन्टला सांगावं लागतं. पान बरोबर आलं. मग एक छापून झालेलं 312 पानांचं पुस्तक जुन्या आणि नव्या खोलीत लावलं आणि पानावर पान ठेवून इमेजमॅजिककडून फरक काढला. सात पानांवर ओळी वेगळ्या जागी मोडल्या होत्या. फॉन्ट तोच होता, मी तो पुस्तकाच्या फोल्डरमध्येच ठेवते. पण झीटेक ज्यात येतं त्या टेक लाइव्ह संचाची बस्टरमध्ये 2018 ची आवृत्ती होती, बुल्सआयमध्ये 2020 ची, बुकवर्ममध्ये 2022 ची, आणि पानं लावणारे साहाय्यक संच तेवढ्या वर्षांनी पुढे गेले होते. सात पानं म्हणजे फार नाही असं वाटेल. पण एक ओळ पुढच्या पानावर सरकली की शेवटच्या सूचीतले आकडे चुकतात आणि पुनर्मुद्रणात वाचकाला चुकीचं पान उघडावं लागतं. म्हणून मी ठरवलं: आधी लागलेली पुस्तकं बस्टरच्या प्रतीत, नेट तोडून, फक्त पुनर्मुद्रणापुरती. नवी पुस्तकं सगळी नव्या खोलीत.

राहिलं पायथन. बुल्सआयमध्ये पायथन 2 होतं, बुकवर्ममध्ये ते डेबियनने काढून टाकलं. भाच्याची आज्ञावली आता नव्याने लिहायला हवी होती. पायथन 2 मजकूर आणि कच्चे आकडे यांची सरमिसळ खपवून घेतं, पायथन 3 विचारतं, हे अक्षर आहे की आकडा? जुन्या फॉन्टच्या मजकुरात नेमका हाच घोळ असतो. माझ्या शिकाऊ मुलीने अकरा दिवस बसून प्रत्येक जागी उत्तर दिलं. करता करता जुन्या आज्ञावलीतल्या दोन चुका सापडल्या. ‘ह्य’ आणि ‘ऱ्ह’ काही ठिकाणी बारा-तेरा वर्षं चुकीचे येत होते आणि मी ते हाताने सुधारत होते. जुनं चालतंय म्हणून हात लावू नये या सल्ल्यावर माझा विश्वास तेव्हा संपला.

मोठ्या कंपन्यांत आता वेगळा रिवाज आहे. डॉकर 2013 मध्ये आलं तेव्हापासून खोली दुरुस्त करण्याऐवजी कृतीच्या कागदावरून नवी खोली बांधायची आणि जुनी टाकून द्यायची, असं तिथे करतात. ते चांगलंच आहे. मीही आता माझ्या खोलीची कृती लिहून ठेवली आहे. पण कृती लिहिली तरी ती पुन्हा वापरणारं कुणीतरी लागतं, तारीख आठवणारं कुणीतरी लागतं.

तुमच्या कचेरीत, महाविद्यालयात, ग्रंथालयात कुणीतरी कधीतरी असं आतलं बिऱ्हाड थाटून गेलं असण्याची शक्यता मोठी आहे, आणि थाटणारा माणूस आता तिथे नसेलही. यंत्र सांभाळणाऱ्याला एवढंच विचारा: आत शेवटचं अपग्रेड कधी केलं? उत्तर बाहेरच्या यंत्राचं देतील. आतलं मागा. उत्तर मिळेपर्यंत उठू नका.

माझी खोली 9 जून 2024 ला बुकवर्मवर गेली. तिला जून 2028 पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. दर सोमवारी सकाळी बाहेरचं अपग्रेड झालं की मुलगी आत जाते, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेला दोन खुणा करते.